रोलरवरची वरात

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या. ट्रॅक्टर नव्हता, रोलर होता. रस्ता दाबायचा रोलर. पुढे लोखंडाचं भलंमोठं चाक, मागे तशीच दोन, वर पत्र्याचं छप्पर आणि छपराखाली माझे बाबा. माझा थोरला मुलगा गेली कित्येक वर्षं येईल त्या पाहुण्याला, आमची आई ट्रॅक्टरवर बसून लग्नाला गेली, असं सांगत सुटलाय. अरे बाबा, ट्रॅक्टर असता तर रडायचं काय होतं? ट्रॅक्टर पळतो तरी. धाकट्या सुनेला वाटतं मी नवरी म्हणून वर बसून मिरवत गेले. मी बसले नव्हते, चालत होते, आणि तेही रोलरच्या पुढे, कारण मागे राहिले असते तर माझं डोकं फिरलं असतं. आणि तुमचे आजोबा, ते बघा समोर बसून शेंगा सोलतायत, ते तर बिनदिक्कत सांगतात की ब्रेक त्यांनी आपणहून लावला. ते खोटं आहे. पण त्यावर येईनच मी.

आम्ही रस्ते बांधणारी माणसं. बाबा रोलर चालवायचे, आत्या टोळीचं रांधायची, आणि आमचं घर म्हणजे रोलरच्या मागे जोडलेली चाकांवरची एक खोली. दोन बाक, एक स्टोव्ह, एक खिडकी, खुंट्यांवर कपडे आणि कपड्यांना डिझेलचा वास. काम जिथं जाईल तिथं आमचं घर जायचं. आई मी लहान असतानाच गेली. मग आत्या आली आणि तिनं मला वाढवलं, म्हणजे दिवसभर माझ्यावर ओरडली. लढाई सुरू झाली तशी टोळीतली माणसं एकेक करून सैन्यात गेली. मागोमाग आमचा ट्रक गेला, डांबराची गाडी गेली, पाण्याची टाकी गेली, मुकादमाची मोटरसायकलसुद्धा नेली. रोलर मात्र कोणी नेला नाही. एक साहेब आले होते बघायला. त्यांनी विचारलं, जोरात किती पळतो? बाबा म्हणाले, हाच त्याचा जोर. साहेबांनी रोलरभोवती एक चक्कर मारली आणि निघून गेले. बाबांना ते इतकं लागलं की त्यांचं जेवणावरून मन उडालं.

आता दूधवाल्याचं सांगते. दूधवाला म्हणजे तुमचे आजोबा. लग्न झाल्यावर मी त्यांना 'हे' म्हणायला लागले, पण त्याआधी ते 'तो'च होते. त्यामुळे गोष्टीत लग्न लागेपर्यंत मी 'तो'च म्हणणार. ज्यांना राग येत असेल त्यांनी कान झाकून शेंगा सोलाव्यात.

तर हा दुधाची गाडी चालवायचा. आम्ही रस्त्याचा एक नवा तुकडा करून ठेवला होता, अजून ओला होता, म्हणून दोन्ही तोंडांना लाल फडकी लावली होती. हा पठ्ठ्या पहाटे आला, फडक्याला वळसा घातला आणि थेट वरून गेला. रस्त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन चाकोऱ्या! माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. मी फावडं घेऊन मागे धावले आणि पुढच्या फाटकाशी त्याला गाठलं. तिथं त्याला जे काही झापलं ते आज इथं लहान मुलं बसलीयत म्हणून सांगत नाही. त्यानं सगळं मुकाट्यानं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाला की दूध नासलं असतं. मी म्हटलं, नासू दे, रस्ता नासला त्याचं काय? दुसऱ्या दिवशी हा माणूस फावडं घेऊन हजर, चाकोऱ्या बुजवायला. तेही त्याला धड येत नव्हतं. दुपारपर्यंत हाताला फोड आले तरी हटला नाही, आणि मी कधी त्याला पाणी नेऊन दिलं ते माझं मलाच कळलं नाही.

बाबांनी त्याला कधी माफ केलं नाही. लग्नाला हो म्हणाले, नाही असं नाही. पण हो म्हणतानासुद्धा मला बाजूला घेऊन म्हणाले, माणूस चांगला आहे, पण फडकं बघून थांबत नाही, एवढं ध्यानात ठेव.

मग त्यालाही बोलावणं आलं आणि दुधाच्या गाडीवरून तो सैन्याच्या औषधांच्या गाडीवर गेला. लग्न लढाई संपल्यावर करायचं ठरलं होतं. आणि एके सकाळी त्याचा एक दोस्त ट्रक घेऊन आमच्या खोलीसमोरून गेला. थांबायलाही त्याला फुरसत नव्हती. खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडत गेला की आमच्या गाड्या आठवड्याच्या शेवटी नदीकाठच्या छावणीतून पुढे निघणार, लढाईच्या तोंडावर, आणि दूधवाल्यानं विचारलंय की लग्न त्याच्या आत होईल का.

लग्नाची घाई मला कशाची होती ते नीट ऐका, कारण हा भाग कोणी सांगत नाही. दूधवाल्याला आई-बाप नव्हते, भाऊबहीण नव्हती. तो पुढे गेला आणि त्याचं काही बरंवाईट झालं, तर सैन्य कळवणार कोणाला? बायको असली तर बायकोला कळवतात. ठरलेल्या मुलीला कोणी विचारत नाही. तो जखमी होऊन कुठल्या इस्पितळात पडला असता आणि मी दारात जाऊन उभी राहिले असते, तर तिथल्या बाईनं विचारलं असतं, तुम्ही त्याच्या कोण? त्या 'कोण'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला फुलं नको होती, दागिने नको होते, जेवणावळ नको होती. मला ते उत्तर हवं होतं, आणि तो निघायच्या आत हवं होतं.

बस बंद झाल्या होत्या. मी म्हटलं, मी चालत जाते. बाबा म्हणाले, रस्ते असे, दिवस असे, माझी मुलगी तिच्या लग्नाला एकटी चालत जाणार नाही. मग म्हटलं, तुम्ही चला बरोबर. तर म्हणाले, रोलर कोणाच्या जिवावर सोडू? आणि आत्याचे गुडघे? आत्या आतून ओरडली की माझ्या गुडघ्यांना मध्ये आणायचं काम नाही. बराच वेळ तिघांनी एकमेकांना ऐकवून घेतलं. शेवटी बाबा उठले, रोलरपाशी गेले, एंजिन सुरू केलं आणि म्हणाले, चला, सगळेच जाऊ. मी कपाळावर हात मारला. पण दुसरा इलाज नव्हता.

आता कपड्यांचा प्रश्न. दुकानं ओस पडलेली. आमच्याकडे मात्र एक कापड ताग्यानं पडलं होतं, ते म्हणजे निशाणाचं लाल कापड, रस्ता बंद करायला लावतो ते. आत्यानं तेच बेतलं. खोली चालू असताना खिडकीशी बसून तिनं अख्खा पोशाख शिवला, आणि शिवण अशी सरळ की बघत राहावं. वर मलाच म्हणाली, एवढ्या संथ गाडीत सुईत दोराही ओवता येतो, तुझ्या बापाचे उपकार मान.

उपकार! बाबांचं काय होतं सांगू? त्यांना खड्डा बघवत नसे. आम्ही निघालो आणि पहिल्याच फर्लांगावर रोलर थांबला. काय झालं म्हणून खोलीतून उतरून पुढे आले तर बाबा खाली उतरून रस्त्याकडेच्या ढिगातली खडी खड्ड्यात लोटतायत. खडी टाकली, वर मुरूम टाकला, खोली सोडवली, रोलर पुढे घेतला, मागे घेतला, परत पुढे. मी म्हटलं, अहो बाबा, माझं लग्न आहे. तर मान खाली घालून म्हणाले, रोलर घेऊन खड्ड्याच्या शेजारून जायचं, बरं दिसतं का ते? पुढे दुसरा खड्डा, मग तिसरा. लढाईच्या दिवसांत रस्त्यांकडे बघितलंय कोणी? माझ्या नाकी नऊ आले. मी इतकी चिडले की पुढे चालत सुटले. वळणापर्यंत जायचे, तिथं दगडावर बसून वाट बघायचे, रोलर दिसेना की पाय आपटत परत यायचे. म्हणजे त्या रस्त्यानं मी दोनदा चालले, एकदा लग्नाला आणि एकदा भांडायला. एका चौकीवरच्या शिपायानं विचारलं, कुठे निघालात? मी म्हटलं, लग्नाला. त्यानं रोलरकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, पोहोचेपर्यंत नातवंडं होतील तुम्हाला. मी तडक पुढे चालायला लागले.

पण एका गावात जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. लहानसं गाव, दोन रस्ते आणि एक चौक. आम्ही शिरलो तेव्हा सामसूम होती. मग रोलरची धडधड ऐकून एक खिडकी उघडली, दुसरी उघडली. न्हावी अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक तसंच सोडून बाहेर आला, मागून गिऱ्हाईकही आलं. एक म्हातारी दारात उभी राहून रडायला लागली. शाळा सुटली, पोरं ओरडत धावली. आम्हाला कळेना काय चाललंय. शेवटी एकानं बाबांचा हात धरून विचारलं, कधी संपली? काय संपली? लढाई! त्या लोकांना वाटलं, सरकारनं रस्ते दुरुस्त करायला घेतले म्हणजे लढाई संपली. रोलर कोण पाठवतं लढाई चालू असताना?

सगळ्या चौकाकडे बघून, नाही हो, संपली नाही, हे सांगायची पाळी माझ्यावर आली, कारण बाबा नुसते रुमालानं हात पुसायला लागले होते. मी सांगितलं की लढाई चालूच आहे, आम्ही आपले माझ्या लग्नाला निघालोय. मला वाटलं आता दगड मारतात. मग त्या न्हाव्यानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. म्हणाला, एवढे बाहेर आलोच आहोत तर कशासाठी तरी आनंद करू. आणि लोकांनी खरंच केला! कोणी पाव आणला, कोणी मुरंब्याची बरणी आणली, म्हातारीनं डोळे पुसले आणि माझ्या हातात अंडी ठेवली. बाबांनी अर्थातच त्यांचा चौक दाबून दिला. त्या दिवशी मी त्यांना काही बोलले नाही. त्या लोकांसाठी मीसुद्धा फावडं मारलं.

शेवटच्या दिवशी सकाळी आत्यानं मला तो लाल पोशाख घालायला लावला. संध्याकाळपर्यंत छावणी येईल आणि माझे बाकीचे कपडे ग्रिसनं माखलेत, असं तिचं म्हणणं. घातला आणि नेहमीसारखी पुढे चालायला लागले. तिथं रस्ता उंच भरावावरून जात होता, दोन्ही अंगांना दलदल, आणि पुढे एका टेकडीला वळसा घालून पलीकडे जायचा. टेकडीच्या अलीकडे पोहोचले आणि जागीच थांबले. आदल्या दिवशी विमानानं तिथं बॉम्ब टाकला होता. रस्त्याच्या जागी नुसता खड्डा, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आमची अख्खी खोली आत उभी राहील एवढा.

मला पहिला विचार कोणता आला असेल? संपलं. बाबांना हा खड्डा दिसला की माझं लग्न पुढच्या वर्षी. मी तिथंच उभी राहून रडणार होते, तेवढ्यात टेकडीपलीकडून एंजिनांचा आवाज आला. एक नव्हे, पुष्कळ गाड्या, आणि भरधाव. त्या बाजूनं येणाऱ्याला वळणामुळे खड्डा दिसायचा तो खड्ड्यात पडल्यावरच. मग मी पुढचामागचा विचार केला नाही. पोशाख वर खोचला, घसरत खड्ड्यात उतरले, चारही हातापायांनी पलीकडे चढले आणि वळणावर रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी राहिले.

पहिला ट्रक वळण घेऊन आला, मला बघितलं, आणि असा ब्रेक लागला की रबराचा वास सुटला. माझ्यापासून हातभर अंतरावर थांबला. आत दूधवाला! आयुष्यात पहिल्यांदा लाल फडकं बघून थांबला, आणि त्या फडक्यात मी होते म्हणून थांबला. आता आजोबा म्हणतात, 'मी खड्डा आधीच ओळखला होता.' कसा ओळखला होता? तोंड तर असं पांढरं पडलं होतं की त्यांच्या दुधालाही लाज वाटावी.

तो खाली उतरला. मला वाटलं काहीतरी गोड बोलेल. तर म्हणाला, "तू इथं काय करतेयस?"

"लग्नाला आलेय," मी म्हणाले.

मग तो रस्त्यातच बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. त्यांना अचानक हुकूम आला होता, लवकर निघा. सकाळपासून गाडी चालवताना तो एकच विचार करत होता की आता ती येईल आणि छावणी रिकामी बघेल.

त्यांचा कप्तान पुढे आला. जाडगेला, थकलेला, सभ्य माणूस. त्यानं खड्डा बघितला आणि डोक्यावरची टोपी काढली. खड्ड्यापलीकडे एका फाट्यानं जायचं त्या वेढा पडलेल्या शहरात एक इस्पितळ होतं, तिथली औषधं संपत आली होती. एकच रस्ता उघडा होता, आणि तो किती वेळ उघडा राहील कोणास ठाऊक. गाड्या दिवसाउजेडी पार व्हायला हव्या होत्या. तेवढ्यात खड्ड्याच्या पलीकडच्या कडेला धडधड करत आमचा रोलर आला. माणसाला देव दिसल्यावर कसं वाटत असेल ते मी त्या कप्तानाच्या तोंडावर बघितलं. त्यानं ओरडून विचारलं, हा भरता येईल का? बाबांनी कडेला उभं राहून आत डोकावलं. मग विचारलं, नुसता भरायचा की नीट करायचा? कप्तान म्हणाला, गाड्या गेल्या पाहिजेत. बाबा म्हणाले, मग नीटच करावा लागेल.

आणि सगळे कामाला लागले. शिपायांनी सदरे काढले. टेकडीवरच्या एका पडक्या भिंतीचे दगड आणले, ते तळाला. त्यावर रस्त्याकडेची खडी. प्रत्येक थरावर रोलर. बाबा छपराखाली उभे राहून हुकूम सोडत होते आणि अख्खी पलटण ऐकत होती. आत्यानं तीन दगड मांडून चहा ठेवला. दूधवाला तर असा फावडं मारत होता की बघवेना. मी त्याच्याजवळ गेले आणि म्हटलं, अरे वेड्या, जरा सावकाश. हा रस्ता झाला की तू जाणार. त्यानं फावडं खाली ठेवलं. त्याच्या डोक्यात ते आलंच नव्हतं.

मी तडक कप्तानाकडे गेले आणि सगळं सांगितलं. लढाईच्या काळात कप्तानाला लग्न लावायचा अधिकार होता. दोन साक्षीदार आणि दोघांचा होकार, की झालं. तो म्हणाला, खडीचा थर बसतोय तोवर उरकून टाकू. अडचण एवढीच की बाबा एंजिन बंद करायला तयार नव्हते. एकदा बंद केलं की परत सुरू व्हायला घटकाभर वेळ लागतो, असं म्हणाले. त्यामुळे माझं लग्न रोलरच्या धडधडीत लागलं. कप्तान घसा फोडून विचारतोय, आम्ही घसा फोडून हो म्हणतोय, आणि आत्या हातात झारा घेऊन साक्षीदार म्हणून उभी. दुसरा साक्षीदार तो खिडकीतून ओरडत गेलेला दोस्त. शेवटी कप्तानानं वर बघून बाबांना विचारलं, तुमची हरकत नाही ना? बाबांनी दूधवाल्याकडे बघितलं, ट्रकचे ब्रेक दाबल्याच्या काळ्या खुणांकडे बघितलं आणि म्हणाले, थांबला ना, मग झालं.

तर तेव्हापासून 'हे'.

मग जी मजा आली! एका शिपायाकडे तोंडात धरून वाजवायचा बाजा होता. त्यानं वाजवायला सुरुवात केली. वरचा मुरमाचा थर नुकताच पसरला होता. बाबा वरून ओरडले, नाचायचं तर कडेला नाही, मध्ये नाचा, तेवढाच मुरूम बसेल. आणि अख्खी पलटण त्या खड्ड्यावर नाचली. मोठमोठे बूट घालून, मुरमावर पाणी शिंपडत, एकमेकांच्या पायावर पाय देत. कप्तान नाचला. आत्या नाचली, गुडघे विसरून. मी ह्यांच्याबरोबर नाचले, आणि ह्यांना नाचायला येत नाही हे मला लग्न झाल्यावर कळलं. त्या गावानं दिलेला पाव सगळ्यांनी तुकडा तुकडा खाल्ला.

नंतर आत्यानं आम्हा दोघांना खोलीत बसवलं, चहा दिला आणि स्वतः पायरीवर बाहेर तोंड करून बसली, कोणाला फिरकू दिलं नाही. काय बोललो ते मी सांगणार नाही. विचारूही नका. खिडकीतून रोलरचा आवाज येत होता, पुढे जातोय, मागे येतोय. मी जन्मापासून तो आवाज ऐकत आलेय. जरा वेळानं माझ्या लक्षात आलं की काम कधीच संपलंय. वजन बसलं की रोलरचा आवाज बदलतो, खरखर जाते आणि चाक गुळगुळीत वाजतं. तसं वाजत होतं. आणि बाबा तरीही फेऱ्या मारत होते. पुढे, मागे. पुढे, मागे. जमेल तितक्या सावकाश, आणि आमचा रोलर सावकाश म्हणजे किती सावकाश ते तुम्हाला सांगायला नको. आयुष्यभर ज्या माणसानं कामात वेळ काढला नाही तो माणूस माझ्यासाठी वेळ काढत होता. कप्तान दलदलीकडे तोंड करून उभा होता. त्यालाही कळलं होतं. शिपायांनाही कळलं होतं.

पण ऊन उतरत चाललं होतं. कप्तानानं एकदा घसा खाकरला. बाबांनी रोलर कडेला घेतला आणि मला हाक मारली.

आमच्या टोळीत शेवटची तपासणी टाचेनं व्हायची. अनवाणी चालत जायचं आणि टाच दाबायची. खूण उठली तर अजून फेऱ्या. नाही उठली तर रस्ता झाला. ते काम माझं होतं, लहानपणापासून. मी म्हणेन तेव्हा बाबा फडकी काढायचे. त्या दिवशीही त्यांनी माझ्यावरच सोडलं. मी चपला काढल्या आणि चालायला लागले. पलीकडच्या टोकाला हे ट्रकच्या दाराशी उभे.

मी मधोमध थांबले आणि टाच दाबली. जमीन घट्ट होती. आता खरं सांगते, टाच नुसती जराशी फिरवली असती तर खूण उठली असती. वरचा मुरूम ओला होता. मी नाही म्हटलं असतं तर अंधार पडला असता, आणि अंधारात कप्तान गाड्या काढणार नव्हता. एक अख्खी रात्र मिळाली असती. मला ती हवी होती. किती हवी होती ते मला आज या वयातही सांगता येत नाही. पण पलीकडे त्या इस्पितळात माणसं पडली होती, आणि त्यांच्याही कोणीतरी होत्या, ज्यांना 'तुम्ही कोण' म्हणून कोणीतरी विचारत असेल. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी नुसती मान हलवली. हो पण नाही, नाही पण नाही. तू म्हणशील तसं.

"झाला," मी म्हणाले.

गाड्या निघाल्या. सगळ्यात पुढे हे. त्या तुकड्यावरून एकामागून एक सगळे ट्रक गेले, आणि एकही गाडी उडाली नाही, एकही दगड हलला नाही. ह्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला होता, तो भराव संपेपर्यंत दिसत राहिला. औषधं पोहोचली. हे परत कधी आणि कसे आले ते यांच्याकडून ऐका, ती गोष्ट यांना खरी सांगता येते. आले, हे महत्त्वाचं. नाहीतर आज शेंगा कोणी सोलल्या असत्या?

पण त्या संध्याकाळी रस्त्यावर आम्ही तिघंच उरलो. बाबांनी एंजिन बंद केलं. दिवसभराच्या धडधडीनंतर इतकं शांत झालं की कानात दडे बसले. ते खाली उतरले, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि बराच वेळ रुमालानं हात पुसत राहिले. हात कधीच पुसून झाले होते.

"मी रात्रभर फेऱ्या मारल्या असत्या," ते म्हणाले. "कोणी काही म्हणालं नसतं. तू कशाला झाला म्हणालीस?"

"झाला होता, बाबा."

बाबा आत्याकडे वळले. "ऐकलंस?" म्हणाले. "माझी पोरगी आहे ती." आणि मग त्याच रुमालात तोंड खुपसून, माझ्या लग्नात पहिल्यांदाच, ते ढसाढसा रडायला लागले.